पिल्लू घ्यावे की न घ्यावे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षणही सातवीपर्यंतचेच. परंतु चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या घरी दोन महिने ज्यावरून वाद चालला, तेच सांगा." म्हणून उभी राहिले आहे.

गेल्या पौषात गल्लीतल्या कुत्रीने आमच्या गोठ्यात, तणसाच्या ढिगात चार पिल्ले घातली. माझा धाकटा आठ वर्षांचा. पांढऱ्या पायांचे एक पिल्लू त्याने त्याच दिवशी आपले ठरवून टाकले. घरात जाऊबाईंची दोन मुले, मुलगी पाच वर्षांची आणि मुलगा दीड वर्षाचा. सासूबाई म्हणाल्या, "भाकरतुकड्याला काय लागते? नामदेव महाराज तर तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले होते." आमच्या घरून उत्तर आले, "पोरे म्हणतात तर राहू दे." राहू दे म्हणणाऱ्याला घाण काढावी लागत नाही, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे!

एकटी मीच नाही म्हणत होते. त्याला कारण होते. नऊ वर्षांची असताना माहेरी मला एका पिल्लाने चावले. त्या काळी पोटात चौदा सुया घेत. रोज एक. बाबा मला सायकलवर बसवून नेत आणि दवाखान्याचे फाटक दिसले की मी रडू लागे. ती लस मेंढीच्या मेंदूपासून करीत. २००५ च्या सुमारास ती आपल्या देशातून बंद झाली. पुढे मुलाच्या पुस्तकात वाचले, की पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने ६ जुलै १८८५ रोजी ज्या मुलाला ही लस प्रथम टोचली, तो जोसेफ मायस्टरही नऊच वर्षांचा होता. वाचून मला त्याच्याविषयी फार आपलेपणा वाटला.

तरी मुलाचे तोंड पाहवेना. मी म्हटले, "दोन महिने पिल्लू आईजवळच राहील. तोवर रोज सकाळी गोठ्यातली घाण तू काढायची आणि पाणी तू ठेवायचे. मग बघू." पोराने थंडीत सहाला उठून ते केले, हे मला कबूल केले पाहिजे. जनावरांच्या डॉक्टरांना विचारले, तेव्हा कळले की पिल्लांच्या पोटात जंत असतात, त्यांचे औषध लहानपणापासूनच द्यावे लागते. घाण मातीत राहिली आणि लहान मुलाने ती माती तोंडात घातली, तर जंत त्यालाही होतात. पिसाळण्याविरुद्धची लस पिल्लाला तीन महिन्यांचे झाल्यावर देतात आणि पुढे ठरल्या वेळी पुन्हा टोचून घ्यावी लागते. म्हणजे भाकरतुकड्यावर भागत नाही.

आणि मग व्हायचे ते झालेच. जाऊबाई धान पाखडत होत्या, मी चुलीजवळ. दीड वर्षाचा बाळ रांगत गोठ्यात गेला, त्याने पिल्लाची शेपूट ओढली आणि पिल्लाने त्याच्या बोटाला दात लावला. रक्त थेंबभरच आले. सासूबाई चुना घेऊन धावल्या, शेजारीण म्हणाली तिखट भरा. आयुष्यात पहिल्यांदा मी सासूबाईंचा हात धरला. बाळाला नळाखाली धरून साबणाने पंधरा मिनिटे बोट धुतले. तो किंचाळत होता, जाऊबाई रडत होत्या, मी घड्याळाकडे बघत होते. नंतर तसेच उठून ग्रामीण रुग्णालयात गेलो. चुना, तिखट, तेल यांनी जखम चिघळते, विष काही मरत नाही. तो रोग एकदा अंगात दिसू लागला की माणूस बहुधा वाचतच नाही. म्हणून पिल्लू लहान आहे, नुसता ओरखडा आहे, असे म्हणून बसू नये. आता सुया पोटात देत नाहीत. बाळाला पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी दिल्या. पैसे पडले नाहीत.

घरी आल्यावर सगळे पिल्लावर उलटले. काल नामदेवांचे नाव घेणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "पोत्यात घालून सोडून या." मी, जी पहिल्यापासून नको म्हणत होते, तीच आडवी आले. चूक पिल्लाची कशी? दीड वर्षाच्या मुलाला जनावराजवळ एकटे सोडले ते आम्ही दोघींनी. रात्री धाकटा मला हळूच म्हणाला, "आई, मला चावले असते ना, तर मी सांगितलेच नसते. तू पिल्लू हाकलले असतेस." बायांनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तिन्ही मुलांना बसवून सांगितले, की चावले, ओरबाडले तर लगेच सांगायचे, कोणी मारणार नाही, कोणी रागावणार नाही.

पिल्लू मात्र आम्ही घेतले नाही. बाळाला सांगितलेले कळेल, शेपूट ओढू नये हे समजेल, तोवर नाही. दोन बायका, भाताची कामे, तीन मुले. सारखी नजर कोण ठेवणार? नागझिऱ्याच्या कडेला माझी बहीण राहते. तिच्याकडे तर अंगणात बांधलेल्या कुत्र्यासाठी बिबट दाराशी येतो. तेही ज्याचे त्याने पाहावे.

पांढऱ्या पायांचे पिल्लू लस टोचून गावातल्या एका गुरुजींकडे दिले. त्यांची मुले मोठी आहेत. धाकटा तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. आता शाळेतून येताना त्याला भेटून येतो आणि घरी आला की साबणाने हात धुतो. बाळाला चार वर्षे पूर्ण होतील तो महिना त्याने मला विचारून वहीत लिहून ठेवला आहे. मी हो म्हटलेले नाही. पण खोडलेलेही नाही.