पॉलिश म्हणजे काळा रंग नव्हे

हेडफोन कानात असतीलच, आता जरा खाली बघा. पायात काय आहे? चामड्याचे बूट असतील तर आजचा भाग तुमच्यासाठीच.

आधी एक गोष्ट. १८३८ साली पॅरिसमध्ये लुई दागेरने उंचावरून एका रस्त्याचा फोटो काढला. तेव्हा एका फोटोला काही मिनिटं लागायची. त्यामुळे चालणारी माणसं, घोडागाड्या, काहीच उमटलं नाही. उमटला तो एका जागी उभा असलेला माणूस, कारण तो बूट पॉलिश करून घेत होता. माणूस दिसणारा हा सगळ्यात जुना फोटो मानतात. आणि पॉलिश करणारा? तो पुसट. हात हलत होते ना त्याचे!

आपल्याकडेही तो पुसटच असतो. लोकल पकडायच्या घाईत पेटीवर ब्रशची टकटक ऐकू येते, आपण पाय ठेवतो, पैसे देतो, निघतो. चेहरा आठवत नाही. मीही त्यातलाच. नोकरी गेली आणि ठाण्यात स्टेशनबाहेर बसणाऱ्या एका काकांकडे मी हे काम शिकलो, तेव्हा त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

काकांचा पहिला धडा: "पॉलिश म्हणजे रंग नाही रे, मेण आहे." डबीत मेण, ते मऊ ठेवणारं टर्पेंटाइनसारखं द्रावण आणि थोडा रंग असतो. मेण चामड्याच्या बारीक खाचा भरतं, पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि उजेड सरळ परततो. तीच चमक. म्हणून जाड थर दिला की बूट चमकत नाही, चिकट होतो. शिवाय पाय दुमडतो तिथे थर तडकतो.

आता कृती. लेस काढा. कोरड्या ब्रशने धूळ झाडा, नाहीतर तीच धूळ चामड्यावर घासली जाते. ओलसर फडक्याने पुसा, वाळू द्या. मग अगदी थोडं पॉलिश, गोल गोल फिरवत. पाच-दहा मिनिटं थांबा. नवशिके इथेच घाई करतात. मग मोठा ब्रश, हलक्या हाताने पण भराभर. शेवटी जुन्या बनियनचं फडकं. पुढच्या टोकाला आरसा हवा असेल तर पाण्याचा एक थेंब, कणभर मेण, आणि हेच पुन्हा पुन्हा.

मखमलीसारख्या स्वेडला मेण लावायचं नाही, बूट वाया जातो. रेक्झिन असेल तर ते मेण पीत नाही. ओलं फडकं पुरतं, आणि गिऱ्हाइकाला तसं सांगून टाकायचं.

आता माझी चूक ऐका. सुरुवातीला मी एका गिऱ्हाइकाच्या फिकट तपकिरी बुटावर काळ्या पॉलिशचा ब्रश फिरवला. डाग काही गेला नाही. क्षणभर वाटलं, गडद तपकिरी चोपडून झाकावं. पण गेलो, सांगितलं आणि दीड हजार दोन हप्त्यांत भरले. ते गृहस्थ आजही बूट माझ्याकडेच देतात. तेव्हापासून प्रत्येक रंगाचा ब्रश वेगळा, त्यावर खूण केलेली.

धंद्याचं बोलू. माझं सामान दोन हजारांत आलं: ब्रश, फडकी, काळं, तपकिरी आणि बिनरंगी पॉलिश, एक पेटी. मी दोन ऑफिस इमारतींतून सकाळी बूट उचलतो, जेवणाच्या सुट्टीआधी परत देतो. तोवर घालायला चपला मीच देतो. जोडीला ५० रुपये. चांगल्या दिवशी १५ जोड्या, म्हणजे ७५०. त्यातून १०० रुपये सामान आणि प्रवासाला जातात. पण पावसाळ्यात लोक रबरी सँडल काढतात आणि धंदा बसतो. म्हणून मी उसवलेली शिलाई, सुटलेला सोल आणि बुरशीही शिकलो. ओला बूट उन्हात ठेवायचा नाही, आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवायचा.

फुटपाथवर बसणार असाल तर २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात सेवा देणारेही येतात, पालिकेत नोंदणीची चौकशी करा. रेल्वेच्या हद्दीत परवान्याशिवाय बसता येत नाही. आणि जिथे आधीच कुणी बसलेलं आहे, त्यांच्या शेजारी पेटी मांडू नका. नवं गिऱ्हाईक शोधा.

राहता राहिलं सगळ्यात अवघड. आई म्हणाली, "एवढं शिकून लोकांच्या बुटाला हात लावणार?" तिला दोष नाही. चामड्याच्या कामावर आपण पिढ्यान् पिढ्या जातीचा शिक्का मारला. ज्यांनी हे कौशल्य जपलं, त्यांनाच खालचं ठरवलं. मी हे काम निवडलं, वाटलं तर सोडूही शकतो. काकांना त्यांच्या वडिलांच्या हातून थेट ब्रशच मिळाला. हा फरक मी विसरत नाही. म्हणून कुणी माझं "स्टार्टअप" म्हणून कौतुक केलं, की मी आधी काकांचं नाव घेतो, आणि मग त्यांच्याकडे बूट द्यायला सांगतो.

तर या रविवारी घरातले बूट काढा. शेजाऱ्यांचे मागा. दहा जोड्या फुकट करा, अकरावीचे पैसे घ्या. आणि उद्या स्टेशनवर टकटक ऐकू आली, तर पाय ठेवण्याआधी त्या माणसाकडे बघून "नमस्कार काका" म्हणा.

भेटू पुढच्या भागात!