हाड जोडलं, पण ते मोडलं का?

(दहावी १९९४ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला आधी दिलेला विषय होता ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपल्या मुलांच्या नोकऱ्या’. मी तो बदलून घेतला. हाडांवर बोलते म्हटल्यावर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बरेच हसरे चेहरे आले, एकाने सांगाड्याचं चित्रही टाकलं. पण काल रात्री जेवणानंतर आम्ही मुली (सत्तेचाळिशीच्या, तरी मुलीच) गच्चीवर बसलो, तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेचं नाव कुणी काढलं नाही. अचानक येणारा घाम, रात्री तीनला उघडणारे डोळे, तीन महिने न आलेली आणि मग न थांबणारी पाळी, हेच चाललं होतं. त्यात हाडांचा उल्लेख एकदाही आला नाही. येणारही नव्हता, कारण हाडं विरळ होताना काहीच जाणवत नाही.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आपल्या तुकडीतले डॉक्टर समोर बसले आहेत, काही चुकलं तर तिथूनच टोका. या विषयाच्या मागे मी लागले ती आईमुळे. तिच्या परवानगीने सांगते.

आई एकसष्टाव्या वर्षी अंगणात घसरली, हात टेकला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर, मग व्यायाम, हात पूर्ववत झाला. "वयामुळे होतं असं," असं सगळे म्हणाले. नऊ वर्षांनी पाण्याची अर्धी बादली उचलताना तिच्या पाठीत कळ आली. मलम, शेक, पट्टा, सगळं झालं. दोन महिन्यांनी एक्स-रे काढला तर दोन मणके दबलेले, आणि त्यातला एक जुनाच. म्हणजे आधी एक मणका मोडून गेला होता आणि तिला पत्ताही नव्हता. मग पहिल्यांदा हाडांची घनता मोजली. मधल्या नऊ वर्षांत तिला तीन डॉक्टरांनी तपासलं होतं. प्रत्येकाने समोर आलेलं दुखणं नीट बरं केलं. साध्या उंचीवरून पडून हाड मोडलंच का, हे मात्र कुणी विचारलं नाही. आमच्या धंद्यात याला तक्रार बंद करणं म्हणतात. मूळ कारण शोधणं हे वेगळं काम असतं.

हे एकट्या आईचं नाही. जगभर हाच अनुभव आहे. ठिसूळपणामुळे हाड मोडलेल्या बहुसंख्य रुग्णांचं हाड जोडलं जातं, पण ठिसूळपणावर उपचार सुरूच होत नाहीत. आणि मणक्याचे बहुतेक फ्रॅक्चर तर कळतच नाहीत. पाठदुखी म्हणून निघून जातात.

इथे आपली मराठी थोडी आड येते. ‘हाडं झिजली’ हे आपण गुडघेदुखीला म्हणतो. ती सांध्यातल्या कूर्चेची झीज, संधिवाताचा एक प्रकार. दुखते, म्हणून माणूस दवाखान्यात जातो. हाडांचा ठिसूळपणा, ऑस्टिओपोरोसिस, हा निराळा आजार आहे आणि तो हाड मोडेपर्यंत दुखत नाही. "माझे गुडघे उत्तम आहेत, मला काही नाही," असं म्हणणाऱ्या मैत्रिणीचीही हाडं आतून विरळ झालेली असू शकतात.

हाड म्हणजे एकदा ओतून ठेवलेला सिमेंटचा खांब नव्हे. पेशींचं एक पथक जुनं हाड खणून काढत असतं आणि दुसरं पथक मागोमाग भरत जातं. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दरवर्षी असा नवा होतो. तिशीपर्यंत भरणी जास्त, पुढे हळूहळू खणणं जास्त. खणणाऱ्या पथकाला आवर घालण्याचं काम बायकांमध्ये इस्ट्रोजेन करतं. पाळी थांबण्याच्या सुमारास ते घसरतं आणि आवर सुटतो. नंतरच्या पाच ते सात वर्षांत काही जणींची हाडं २० टक्क्यांपर्यंत घटतात. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. म्हणजे मैत्रिणींनो, ती वर्षं आपल्यासाठी आत्ता सुरू आहेत.

ज्यांची ‘पिशवी काढली’ आहे त्यांनी एक गोष्ट आवर्जून कागदपत्रांत बघावी: गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले का? दोन्ही अंडाशय काढले असतील तर इस्ट्रोजेन हळूहळू कमी होत नाही, एका दिवसात थांबतं, मग वय पस्तीस का असेना. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची २०१९ साली शासनाने पाहणी केली, तेव्हा सुमारे ८२,००० पैकी १३,००० हून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. खाडा झाला की पैसे कापले जातात, फडावर संडास नाही, मग पाळीची कटकटच नको. त्या बायका आज डोक्यावर मोळ्या वाहतात. त्यांच्या हाडांचं पुढे काय होणार, याची चर्चा त्या बातम्यांत मला फारशी दिसली नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींनाही हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

आता मोजणी. डेक्सा नावाची तपासणी असते. दहा-पंधरा मिनिटं झोपून राहायचं, क्ष-किरणांची मात्रा अगदी थोडी. खुबा आणि कंबरेचे मणके यांची घनता मोजतात आणि टी-स्कोअर देतात. गणिताच्या सरांसाठी सांगते, टी-स्कोअर म्हणजे निरोगी तरुण स्त्रीच्या सरासरीपासून तुम्ही किती प्रमाण विचलनं दूर आहात तो आकडा. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ विरळ, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. जागतिक आरोग्य संघटनेने ही रेषा १९९४ साली आखली, म्हणजे आपण दहावीचे पेपर लिहिले त्याच वर्षी. एक बारीक मेख आहे. यंत्र हाडाची सपाट छाया मोजतं, खोली मोजत नाही. त्यामुळे लहान चणीच्या बाईचा आकडा थोडा कमीच दिसतो. नुसता आकडा पाहून घाबरू नका.

सोसायट्यांमधल्या मोफत शिबिरांत टाच यंत्रात ठेवून जे मोजतात, ते निदान नव्हे. फार तर इशारा. शिबिराच्या दारातच कॅल्शियमच्या गोळ्यांचं टेबल असेल तर मी तो इशाराही जपून घेते.

आकड्याइतकाच महत्त्वाचा असतो तुमचा इतिहास. ब्रिटनमधल्या शेफील्ड विद्यापीठाने २००८ साली ‘फ्रॅक्स’ नावाचं गणनयंत्र खुलं केलं. त्यात भारतासाठीही पर्याय आहे. वय, वजन, उंची, आधी मोडलेलं हाड, आई किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का, तंबाखूचा धूर, दारू, आमवात, स्टेरॉइडच्या गोळ्या, हे भरलं की पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता टक्क्यांत मिळते. डेक्सा नसला तरी चालतं. व्यवसायाने मी असली गणनयंत्रं संशयानेच बघते, पण हे त्याचे प्रश्न पाहूनच पटलं. स्टेरॉइडवरून आठवलं, सांधेदुखीवर बिननावाच्या पुड्या देणारे असतात, त्या पुड्यांत कित्येकदा तेच असतं. आराम पडतो आणि हाडं जातात.

अमेरिकेत ६५ नंतर सगळ्या बायकांनी डेक्सा करावा, त्याआधी जोखीम असेल तर करावा, अशी शिफारस आहे. आपली पाळी लवकर जाते, म्हणून ६५ चा आकडा जसाच्या तसा उचलू नये असं माझं मत आहे. पाळी चाळिशीच्या आसपासच गेली असेल, आईचा खुबा मोडला असेल, किंवा उभ्या उंचीवरून पडून तुमचं एखादं हाड मोडलं असेल तर डॉक्टरांशी आत्ताच बोला.

खाण्याबद्दल थोडक्यात, कारण इथे सगळ्यांना सगळं माहीत असतं. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, असं आपली राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. पेलाभर दुधात साधारण २४०, नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात ३५० च्या आसपास. दही-ताक, तीळ, राजगिऱ्याची भाजी, शेवग्याचा पाला. पालकावर भरवसा ठेवू नका, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला सोडत नाही. गोळी घ्यावी लागलीच तर एका वेळी ५०० च्या आत, आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब. डाळ, उसळ, अंडं यांतली प्रथिनंही हाडाला लागतात. नुसत्या फळांवर वजन उतरवणाऱ्यांनी हे ऐकावं.

‘कोवळं ऊन’ मात्र आपली फसवणूक करतं. त्वचेत ड जीवनसत्त्व बनवणारे किरण सकाळी सातच्या उन्हात जवळजवळ नसतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हा ते मिळतात, आणि काचेतून आत येत नाहीत. माझं ऑफिस काचेचंच आहे. कमतरता असेल तर ६०,००० युनिटची पाकिटं देतात, ती लिहून दिली तेवढीच घ्यावीत. ऑस्ट्रेलियात वर्षातून एकदाच प्रचंड मात्रा देऊन पाहिली, तर बायका उलट जास्त पडल्या आणि जास्त हाडं मोडली.

आता पीटीच्या सरांचा तास. हाडावर जसा भार येतो तसं ते घडतं, असं युलियस वोल्फ या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९२ साली मांडलं. अवकाशात भारच नसतो, तर अंतराळवीरांच्या खुब्यातलं हाड महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटतं. आपण दोरीच्या उड्या, लंगडी, लेझीम यांत जे कमावलं ती आपली खरी ठेव. पण नुसतं चालणं आता पुरत नाही. हृदयाला ते उत्तम, हाडाला अपुरं. २०१८ साली ग्रिफिथ विद्यापीठाने हाडं विरळ झालेल्या, पाळी गेलेल्या १०१ बायकांवर प्रयोग केला. निम्म्या जणींनी आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जड वजनं उचलली. आठ महिन्यांत त्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्के घटली. मी स्वतः गेली तीन वर्षं वजनं उचलते. जिममध्ये मला काकू म्हणतात, माझी हरकत नाही. पण मणके आधीच कमकुवत असतील तर कंबरेतून पुढे वाकायची आसनं करू नका, वजनंही एकटीने सुरू करू नका.

औषधांबद्दल दोनच गोष्टी. अ‍ॅलेन्ड्रोनेटची आठवड्याची गोळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. हे न पाळल्यामुळे अन्ननलिका जळते आणि मग "मला सोसत नाही" म्हणून गोळी बंद होते. दुसरी गोष्ट, दर सहा महिन्यांचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन. ते मध्येच सोडलं तर हाडं झपाट्याने उतरतात, मणके एकामागून एक मोडू शकतात. थांबवायचं असेल तर डॉक्टर दुसरं औषध सुरू करतात. मुलगा परदेशी आणि आई एकटी असेल, तर ही तारीख मुलाने आपल्या फोनमध्ये टाकावी. उपचारांनी काय साधतं? खुबा मोडल्यानंतर ज्यांना वर्षातून एकदा झोलेड्रोनिक अ‍ॅसिड शिरेतून दिलं, त्यांच्यात नवे फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले, असा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. खुबा मोडलेल्या पाचांतला साधारण एक रुग्ण वर्षभरात जातो, हे लक्षात घेतलं तर हा फरक लहान नाही. हार्मोनच्या गोळ्यांनीही हाडं वाचतात, पण स्तनाचा कर्करोग आणि रक्ताच्या गुठळ्या यांचा हिशोब प्रत्येकीचा वेगळा. तो स्त्रीरोगतज्ज्ञांबरोबर बसून करावा.

मुलांनो, तुम्ही हसू नका. पन्नाशीनंतर पाच पुरुषांतल्या एकाचं हाड ठिसूळपणामुळे मोडतं. बायकांत तीनांतल्या एकीचं. आणि घरी गेल्यावर आईवडिलांच्या बाथरूमपासून सुरुवात करा: ओली गुळगुळीत फरशी, पकडायला दांडी नाही, रात्री दिवा नाही, सरकणारं पायपुसणं, रात्रीची झोपेची गोळी. पडलंच नाही तर मोडायचा प्रश्न येत नाही.

आईला आता उपचार सुरू होऊन पाच वर्षं झाली. नवीन हाड मोडलेलं नाही. बादली ती उचलत नाही. घागर मात्र आमचा डोळा चुकवून उचलते.

हॉलच्या मागच्या दारावर मी मोजपट्टी चिकटवली आहे. चपला काढून, टाचा भिंतीला लावून उंची मोजा आणि लिहून ठेवा. तरुणपणीची उंची आठवत नसेल तर लग्नाच्या बायोडेटात असतेच, त्यातला वाढवून लिहिलेला एक इंच वजा करा. फरक चार सेंटिमीटरपेक्षा जास्त आला तर मणक्यांचा एक्स-रे काढून घ्या. बाई, आधी तुम्ही चला. दाराशी खुर्ची ठेवली आहे, आणि चहा तिथेच येतो आहे.