औषधाच्या सोबतीला श्वास
(यवतमाळ येथे आशा कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



नागपूर वा सेवाग्रामहून कर्करोगावरील उपचार घेऊन यवतमाळ जिल्ह्यातील आपल्या गावी परतलेला रुग्ण गाठीतून सुटला, तरी भीतीतून सुटतोच असे नाही. कर्त्या शेतकऱ्याच्या आत्महत्येचा आघात सोसलेल्या घराचीही हीच अवस्था असते. झोप उडते, छाती धडधडते. हे मनाचे दुबळेपण नव्हे. भयाने शरीर सतत सावध राहिल्याचा तो परिणाम होय.

संथ, दीर्घ श्वसनाने नाडी मंदावते व मनास स्वस्थता लाभते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचा शास्त्रीय अभ्यास चालविला, तो याच दृष्टीने मोलाचा आहे. मात्र श्वसनाने गाठ विरत नाही. औषधोपचार सोडून केलेली योगसाधना ही आत्मवंचनाच ठरेल. आसनेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावीत.

दुःख बोलून दाखविणे हाही उपचारच आहे. २०२२ साली सुरू झालेल्या टेलिमानस सेवेत १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते. तो क्रमांक घरोघरी पोहोचवा.

आणि गृहभेटीत ‘गोळ्या घेतल्या का?’ एवढेच विचारून उठू नका. ‘झोप लागते का?’ हेही विचारा. उत्तर मिळेपर्यंत थांबा.