हायस्कूलच्या उंबरठ्यावर आपले मूल

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित पालक मेळाव्यात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी संस्थेने पालकांसाठी स्वतंत्र मेळावा योजिला, याबद्दल विश्वस्तांचे मनःपूर्वक अभिनंदन. ‘मुलांना माध्यमिक शाळेसाठी कसे तयार करावे?’ हा विषय मला दिला आहे. जून जवळ आला की हा प्रश्न घरोघरी निघतो आणि बहुतेक ठिकाणी त्याचे उत्तर एकच असते : मे महिन्यात क्लास लावून टाकू. क्लासला माझा विरोध नाही. परंतु क्लास म्हणजेच तयारी, असे मात्र मी मानत नाही.

प्रथम, मुलाच्या आयुष्यात नेमके काय बदलते ते पाहू. आपल्याकडे कोणी पाचवीला हायस्कूलमध्ये जाते, तर कोणी सातवीपर्यंत गावच्या शाळेत शिकून आठवीला. प्राथमिक शाळेत बहुतेक वेळ एकच गुरुजी किंवा बाई असतात. मूल आज गप्प का आहे, हे त्यांना चेहऱ्यावरून कळते. हायस्कूलमध्ये तासागणिक शिक्षक बदलतात, प्रत्येकाची शिकविण्याची रीत वेगळी, वह्या वेगळ्या. काल वर्गात सर्वांत मोठे असणारे मूल आज शाळेत सर्वांत लहान ठरते. अभ्यासक्रमाहून हा बदल अधिक जड असतो.

या संदर्भात आपल्याच मातीतील एका विद्यार्थ्याची आठवण करून देणे मला आवश्यक वाटते. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात जन्मलेला हा मुलगा. वडील महसूल खात्यात नोकरीस असल्याने बदलीच्या गावी त्याचे प्राथमिक शिक्षण झाले आणि १९०२ मध्ये तो कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाला. राहण्याची सोय जैन बोर्डिंगमध्ये. ज्यांनी पुढे कोल्हापूर संस्थानचे दिवाणपद व १९३७ साली मुंबई प्रांताचे अर्थमंत्रिपद भूषविले, ते विद्वान अण्णासाहेब लठ्ठे तेथील व्यवस्था पाहत. तथापि बोर्डिंगच्या सोवळ्या-ओवळ्याच्या नियमांशी या मुलाचे जमले नाही व त्याला ते सोडावे लागले. राजर्षी शाहू महाराजांनी त्याला आधार दिला. मॅट्रिकचा टप्पा मात्र त्याला ओलांडता आला नाही.

हा विद्यार्थी म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना करून त्यांनी हजारो मुलांना ‘कमवा आणि शिका’चा मार्ग दाखविला. ज्यांना स्वतः हायस्कूल सुखाचे गेले नाही, त्यांनी खेडोपाडीच्या मुलांसाठी हायस्कुले उभी केली! त्यांच्या जीवनातून पालकांनी दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, स्वावलंबन. दुसरी, मुलाला नियमामागचे कारण सांगण्याची तयारी.

स्वावलंबनाचा आरंभ घरातूनच करावयाचा असतो. दप्तर मुलाने स्वतः भरावे, तेही आदल्या रात्री वेळापत्रक पाहून. वही विसरली तर आईने धावत शाळेत नेऊन देऊ नये. एकदा शिक्षकांची बोलणी खाल्ली की पुन्हा विसरत नाही. शाळा परगावी असेल तर मे महिन्यातच मुलाला सोबत घेऊन दोन-तीन वेळा त्या रस्त्याने जावे. एस. टी. कोठे थांबते, सायकल कोठे लावावयाची, हे त्याने स्वतः पाहावे. आपल्याकडे शाळा आणि पाऊस एकदमच सुरू होतात. २००५, २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेच्या महापुरात रस्ते कसे बंद झाले, हे आपण अनुभवले आहे. गाडी आली नाही तर कोणाच्या घरी थांबावयाचे व कोणाला फोन करावयाचा, हे मुलाला तोंडपाठ असावे.

आता दुसरी गोष्ट, आणि ती अधिक नाजूक आहे. आपल्या घरांत सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम आहे. थंडीच्या दिवसांत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि मुलाचा क्लास सात वाजता सुटतो. डब्यात कांदा-बटाटा का नाही, असे नवे मित्र विचारतात, कधी थट्टाही करतात. प्राथमिक शाळेत ‘आमच्याकडे चालत नाही’ एवढे उत्तर पुरते; तेराव्या वर्षी ते पुरत नाही. ज्या नियमाचे कारण मुलाला ठाऊक नाही, तो नियम घराबाहेर पहिल्याच दिवशी मोडतो. आणि तो मोडल्यापेक्षा मोठी हानी ही की, मूल ते घरी लपविते. एकदा लपविण्याची सवय लागली की गुण, मैत्री, मोबाइल, सारेच लपू लागते.

म्हणून माझी विनंती आहे की, शाळा सुरू होण्यापूर्वी मुलाशी शांतपणे बोला. अहिंसेचा विचार त्याला समजेल अशा शब्दांत सांगा. क्लास निवडताना वेळ पाहा, चार पालकांनी मिळून शिक्षकांना विनंती करा, किंवा चार वाजता सोबत जादा डबा द्या. आणि मुलाने उलट प्रश्न विचारला तर त्याला उद्धट ठरवू नका. अनेकान्ताचा वारसा सांगणाऱ्या समाजाने आपल्याच लेकराची बाजू ऐकू नये, हे शोभणारे नाही.

गुणांविषयी थोडेसे. नव्या शाळेत पहिल्या चाचणीत गुण अनेकदा घसरतात. तेव्हा शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. उत्तरपत्रिका घेऊन मुलासोबत बसावे आणि चूक कोठे झाली एवढेच पाहावे. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला इंग्रजीचा धाक वाटत असेल तर रोज एक उतारा मोठ्याने वाचून घ्यावा. आई-वडिलांना इंग्रजी येत नसले तरी ऐकावयास बसता येते. कोणी ऐकते आहे, यानेच मुलाला धीर येतो.

माता-भगिनींनो, एक गोष्ट स्पष्टपणे बोलतो. मुलगी आठवीला परगावी जाणार म्हटले की काही घरांत आजही काळजीचे रूपांतर नकारात होते. काळजी रास्त आहे, नकार रास्त नाही. सोलापूरला पंडिता सुमतीबाई शहा यांनी श्राविका आश्रमाच्या माध्यमातून स्त्रीशिक्षणाचे केवढे कार्य उभे केले! तो आदर्श समोर असताना केवळ अंतरामुळे आपल्या मुलीचे शिक्षण थांबता कामा नये. एकाच गावच्या मुलींनी मिळून जावे, पालकांनी पाळीपाळीने सोबत करावी.

विश्वस्तांनाही एक सूचना करतो. गुणवंतांचा सत्कार आपण दरवर्षी करतो, तो अवश्य व्हावा. त्यासोबत हायस्कूलमध्ये नव्याने जाणाऱ्या मुलांना वरच्या वर्गातील एकेक दादा किंवा ताई जोडून द्यावी. याला खर्च काहीच नाही. सत्काराच्या यादीत ज्याचे नाव कधी येणार नाही, अशा मुलालाही संस्था आपली वाटेल. कर्मवीर मॅट्रिकच्या कोणत्या यादीत होते?

 येत्या जूनमध्ये नव्या शाळेत पाऊल टाकणाऱ्या सर्व बालमित्रांना शुभाशीर्वाद देऊन मी माझे दोन शब्द संपवितो.

जयजिनेंद्र!