रानाची हजेरी
(न्यासाच्या महोत्सवात दिलेले व्याख्यान)



रानात वाघ किती, हा प्रश्न आपल्या बाजारहत्नूरसारख्या रानाजवळच्या गावाला परका नाही. आम्हां शिक्षकांचा सारा कारभार हजेरीपटावर चालतो. पण वाघ काही नाव पुकारल्यावर 'हजर' म्हणत नाही. मग आकडा येतो कोठून?

पूर्वी पंजाच्या ठशांवरून मोजणी होत असे. १९७२ साली देशात १८२७ वाघ मोजले गेले, ते असेच. परंतु एकाच पंजाचा ठसा चिखलात निराळा उमटतो, धुळीत निराळा. त्यामुळे एकाचे दोन होतात. राजस्थानात सरिस्का येथे कागदावर वाघ नांदत होते. २००५ साली शोध घेतला, तेव्हा एकही उरला नव्हता. खोट्या आकड्याने पहारेकऱ्यांनाही निजवले!

आता रीत बदलली आहे. समजा, मडक्यात तुरीचे दाणे आहेत. त्यांतले ४० काढून शाई लावली, परत टाकून नीट ढवळले. मग ५० काढले; त्यांत शाईचे १० निघाले. म्हणजे पाचांत एक शाईचा. शाईचे एकंदर ४०, तेव्हा मडक्यात सुमारे २०० दाणे. जे हाती आलेच नाहीत, तेही हिशेबात आले!

वाघाला शाई लावावी लागत नाही. पट्टे हीच त्याची जन्मखूण. दोन्ही कुशींचे पट्टेही निराळे असतात, म्हणून रानवाटेवर दोन कॅमेरे समोरासमोर बांधतात. २००६ पासून देशाच्या व्याघ्रगणनेत ही रीत आहे.

तरी रान म्हणजे तोंड बांधलेले मडके नव्हे. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वर रानातला एक तरुण वाघ आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातूनही हिंडला आणि १३०० किलोमीटरांहून अधिक चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. गळ्यात रेडिओ-पट्टा होता, म्हणून माग लागला. असा पाहुणा दोन्ही राज्यांनी आपला म्हटला तर एकाचे दोन. कोणीच न म्हटला तर शून्य. यासाठी सगळीकडची छायाचित्रे ताडून पाहावी लागतात.

म्हणूनच २०२२ च्या गणनेने ३६८२ हा अंदाज देताना, खरी संख्या ३१६७ ते ३९२५ यांच्या दरम्यान असावी, असेही सांगितले. यात कमीपणा नाही; हाच प्रामाणिकपणा. न्यासाचा जमाखर्च पैपैशाने जुळला पाहिजे. रानाचा हिशेब मात्र आपली चूक किती असू शकेल, हे सांगतो तेव्हाच खरा. याच आकड्यांवर रानाचा पहारा, सरकारी खर्च आणि रानाकाठच्या माणसांचे प्रश्न यांचे निर्णय होतात. तेव्हा आपल्या मुलांनी आकडा ऐकताच 'किती?' बरोबर 'कसे मोजले?' हेही विचारावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.