ब्राउझर कोणताही, बंदोबस्त एकच



बिदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यातील कोहिनूर हे होबळीचे गाव. या सीमाभागात कन्नड, मराठी व उर्दू या तिन्ही भाषा बोलल्या जातात. येथील शेतकऱ्याला पीककर्जासाठी पहाणीचा उतारा लागतो, तर विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीसाठी जातीचे व उत्पन्नाचे प्रमाणपत्र लागते. एके काळी हे सारे हस्तलिखित दप्तरांत असे आणि दप्तर कपाटात कुलूपबंद असे. कर्नाटक शासनाच्या ‘भूमी’ प्रकल्पाने सुमारे दोन कोटी जमीन-अभिलेख संगणकावर आणले व २००२ च्या सुमारास हस्तलिखित पहाणीची कायदेशीर मान्यता संपुष्टात आली. आज नाडकचेरीतील कर्मचारी दाखल्यांचे काम संगणकाच्या पडद्यावर करतो. संकेतस्थळे उघडण्याचे जे साधन, म्हणजे ब्राउझर, तेच आता कपाटाचे दार झाले आहे.

हे दार कोणत्या प्रकारचे असावे, असा प्रश्न अनेक कार्यालयांत विचारला जातो. सर्वांना एकाच ब्राउझरची सक्ती करावी, म्हणजे देखरेख सोपी होईल, असे एक मत आहे. ते अगदीच निराधार नाही. साधने जितकी अधिक, तितके तंत्रज्ञाचे काम वाढते. तथापि गेल्या काही वर्षांचा अनुभव या मताला पुष्टी देत नाही.

आपल्या देशातील कित्येक शासकीय संकेतस्थळे दीर्घकाळ केवळ ‘इंटरनेट एक्सप्लोरर’ या एका ब्राउझरसाठी बेतलेली होती. त्या निर्मात्या कंपनीने १५ जून २०२२ रोजी त्याला निवृत्त केले. ज्या कार्यालयांचे काम त्याच्यावरच विसंबून होते, त्यांच्यापुढे जुने व असुरक्षित साधन चालू ठेवावे की काम खोळंबू द्यावे, असा पेच उभा राहिला. एकाच साधनाची सक्ती ही सुरक्षिततेची हमी नसून कधी कधी ती परावलंबनाची सुरुवात ठरते.

जुलै २०१४ मधील घटना याहून अधिक बोलकी आहे. संकेतस्थळाची ओळख पटविणारी डिजिटल प्रमाणपत्रे देण्याचा अधिकार तेव्हा राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राकडेही होता. त्या केंद्राच्या नावाने गूगलच्या संकेतस्थळांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे दिली गेल्याचे उघडकीस आले. विंडोजच्या विश्वासयादीत भारतीय प्रमाणन-नियंत्रकाचा समावेश असल्याने, त्या यादीवर चालणाऱ्या ब्राउझरना ती प्रमाणपत्रे खरी वाटण्याचा संभव होता. फायरफॉक्सची विश्वासयादी स्वतंत्र होती व तीत हा समावेश नव्हता. त्यामुळे त्याला त्या प्रमाणपत्रांची बाधा झाली नाही. नियंत्रकांनी केंद्राची संबंधित प्रमाणपत्रे तातडीने रद्द केली. विविधता हीदेखील एक तटबंदी असते, हा यातील बोध होय.

मग बंदोबस्त कोठे करावा? याचे उत्तर ‘भूमी’ प्रकल्पाच्या आरंभीच सापडते. तेथे अभिलेखात फेरफार करणाऱ्या अधिकाऱ्याला बोटाचा ठसा देऊनच प्रवेश मिळे. कुलूप यंत्राला नव्हते, अभिलेखाला होते. हेच तत्त्व आजही लागू पडते. प्रत्येक कर्मचाऱ्याचे खाते स्वतंत्र असावे. संकेतशब्दाबरोबर दुसरी ओळखपडताळणी असावी. ज्याचे जे काम, तेवढाच त्याला अधिकार असावा. कोणी, केव्हा, कोणता अभिलेख उघडला याची नोंद मुख्य संगणकावर राहावी. ही व्यवस्था असली, म्हणजे कर्मचारी क्रोम वापरतो, एज वापरतो की फायरफॉक्स, याने अभिलेखाच्या रक्षणात मोठे अंतर पडत नाही.

अर्थात निवड म्हणजे मोकाटपणा नव्हे. कार्यालयाने मान्य केलेल्या तीन-चार ब्राउझरपैकी एकाची निवड असावी. एखाद्या कामास विशिष्ट ब्राउझरच लागत असेल, तर तो त्या कामापुरता वापरावा. नवी आवृत्ती येताच ती आपोआप बसेल अशी तजवीज असावी, कारण जुन्या आवृत्तीतील उणिवा जगजाहीर झालेल्या असतात. प्रमुख ब्राउझरमध्ये असे नियम कार्यालयाला एका ठिकाणाहून ठरवून देता येतात.

विशेष सावधगिरी हवी ती ब्राउझरला जोडल्या जाणाऱ्या ‘एक्स्टेन्शन’ नामक लहान जोडकार्यक्रमांबाबत. कर्मचाऱ्याने एकदा प्रवेश केला, की संकेतस्थळ त्याच्या ब्राउझरला जणू ओळखीचा बिल्ला देते. तो बिल्ला चोरीस गेला, तर चोराला संकेतशब्द विचारला जात नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या माहिती-सुरक्षा क्षेत्रातील कंपनीच्याच कर्मचाऱ्याला फसव्या पत्राने गंडविण्यात आले व तिच्या एक्स्टेन्शनची दूषित आवृत्ती नाताळात वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचली. तिचा रोख अशाच बिल्ल्यांवर होता. तज्ज्ञांची ही गत, तर इतरांनी किती जपावे! म्हणून मान्यताप्राप्त यादीबाहेरचे कोणतेही एक्स्टेन्शन कार्यालयीन संगणकावर असता कामा नये.

जून २०२२ मध्ये राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने शासकीय कर्मचाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. ब्राउझरची आवृत्ती अद्ययावत ठेवावी, संकेतशब्द त्यात साठवू नयेत, तिऱ्हाइताच्या जोडपट्ट्या बसवू नयेत आणि शासकीय सेवा वापरताना खासगी पद्धतीने ब्राउझर उघडावा, असे त्यांत सांगितले आहे. या गोष्टींना खर्च नाही. लागते ती केवळ सवय. जेवणाच्या सुटीत उठताना खाते बंद करणे आणि आपला संकेतशब्द सहकाऱ्यालाही न सांगणे, या सवयीही त्याच मोलाच्या आहेत.

कोहिनूरसारख्या गावातील शेतकऱ्याला ब्राउझरचे नावही ठाऊक नसेल. आपल्या पहाणीवर आपलेच नाव राहील, एवढाच त्याचा शासनावर भरवसा आहे. त्या एका ओळीत अनधिकृत बदल झाला, तर कर्ज अडते, वारसा अडतो आणि कज्जेदलाली पिढ्यान्‌पिढ्या चालते. कर्मचाऱ्याला साधनाचे स्वातंत्र्य अवश्य द्यावे. परंतु त्या भरवशाच्या रक्षणात सवलत कोणालाच नसावी.