दुसरी मोजणी



 पदवीधरांनो, तुमच्यातले अनेक जण आज स्थापत्य, नगररचना, पर्यावरणशास्त्र शिकून बाहेर पडत आहात. कुठल्या ना कुठल्या प्रकल्पाच्या पर्यावरण परिणाम अहवालावर उद्या तुमची सही असेल. त्या सहीविषयी मला बोलायचं आहे.

आपल्या देशात 27 जानेवारी 1994 च्या अधिसूचनेनं हा अहवाल बंधनकारक झाला आणि 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेनं आजची पद्धत आली. 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठं बांधकाम असेल, तर कुदळ मारण्याआधी मंजुरी घ्यावी लागते. सविस्तर अहवाल करायचा तर हवा, पाणी, माती, आवाज यांची आधीची स्थिती मोजतात. ही मोजणी बहुधा एकाच ऋतूची असते, आणि तीही पावसाळा सोडून. नाशिकमध्ये याचा अर्थ काय होतो ते पाहा. ज्या महिन्यांत गोदावरी, नासर्डी, वाघाडी, वालदेवी दुथडी भरून वाहतात, नेमके तेच महिने नोंदीत नसतात. भराव कुठे टाकला, ओढा कुठे वळवला, नाला कुठे बुजवला, हे मार्चमध्ये कळत नाही. ते ऑगस्टमध्ये कळतं, तेही खालच्या अंगाला राहणाऱ्यांना.

या शहराला पावसाळ्यातली मोजणी नवी नाही. नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं, डोक्यावरून गेलं, ही गोदाकाठची भाषा आहे. नारोशंकराच्या मंदिरातल्या घंटेला पाणी टेकलं म्हणजे महापूर. 1969 चा पूर आणि सप्टेंबर 2008 चा पूर जुनी माणसं याच मापानं सांगतात. हे माप दर पावसाळ्यात त्याच जागी घेतलं जातं, म्हणून दोन वर्षांची तुलना करता येते. मला त्याचं फार मोल वाटतं. 2008 नंतर शहरात पूररेषांची चर्चा घरोघरी पोचली: निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण रेषा आखून झाल्यावर वरच्या अंगाला जे बांधलं गेलं, त्यानं पाण्याची पातळी किती सरकली? हे पुन्हा मोजल्याशिवाय त्या रेषेच्या भरवशावर कोणी घर घ्यावं, असं मी सांगणार नाही.

आपण प्रकल्पाआधी मोजतो, नंतर मोजत नाही, हे माझं दुखणं आहे. कायद्यानं 1 जून आणि 1 डिसेंबरला मंजुरीच्या अटी पाळल्याचा अनुपालन अहवाल द्यायचा असतो. त्यात झाडं लावली, सांडपाणी शुद्धीकरण केंद्र (एसटीपी) बसवलं, पुनर्भरणाचे खड्डे खणले, असं लिहिलेलं असतं. त्या खड्ड्यांतून पाणी खरंच मुरलं का, शेजारच्या मळ्यातल्या विहिरीची पातळी वर आली की खाली गेली, हे त्यावरून समजत नाही. शिवाय बांधकाम आणि टाउनशिपच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे, म्हणजे त्या मळेवाल्याला विचारायची सक्तीही नाही. आणि 20,000 चौरस मीटरच्या मर्यादेच्या आत राहणारे छोटे ले-आउट तर या हिशेबात येतच नाहीत. एका नाल्याकाठी असे वीस ले-आउट झाले, तरी एकाचाही अहवाल नसतो.

अंदाज चुकतात, आणि ते दोन्ही बाजूंनी चुकतात. निफाड तालुक्यात गोदावरी-कादवेच्या संगमावर विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा बांधला तो सिंचनासाठी. पुढे गाळ साचला, उथळ पाणी झालं, पाणवनस्पती वाढल्या आणि हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरू लागले. तेच आपलं नांदूर मध्यमेश्वर. 1986 मध्ये अभयारण्य झालं, आणि 2020 च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. बांधणाऱ्यांच्या कागदात हे कुठून असणार? वर्षानुवर्षं कोणीतरी पाणथळीवर जाऊन पक्षी मोजले, म्हणून आपल्याला कळलं. उलट नाशिकच्या रामकुंड परिसरात कुंभमेळ्याच्या सोयीसाठी नदीच्या तळाशी काँक्रीट ओतलं गेलं. प्राचीन कुंडं त्याखाली गेली, आणि ते काँक्रीट काढण्यासाठी नागरिकांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. तळ झाकण्याआधी तिथल्या झऱ्यांची नीट नोंद झाली असती, तर काय गमावलं हे आज नेमकं सांगता आलं असतं.

आता 2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्याची कामं आहेत: रस्ते, घाट, साधूंच्या निवासाचं साधुग्राम. तपोवनातली झाडं, गोदाकाठच्या विहिरींची पातळी, पाण्यातला प्राणवायू, पावसाचं पाणी कुठून कुठे वाहतं, हे सगळं आत्ताच, पावसाळ्यासह मोजून ठेवलं नाही, तर 2028 मध्ये तुलनेला काहीही नसेल. कुलगुरू महोदय, ही मोजणी विद्यापीठानं आपल्या प्रयोगशाळांकडून करून घ्यावी, आकडे मराठीत सर्वांसमोर ठेवावेत आणि मेळा संपल्यावर त्याच जागी पुन्हा घ्यावेत, अशी माझी जाहीर विनंती आहे. पदवीधरांनो, तुमच्यातल्या ज्यांना यात यायचं असेल त्यांनी कार्यक्रम संपल्यावर मला व्यासपीठाजवळ भेटावं.